शहराचं चॅनल, खासगी संस्था आणि बोलण्याचा हक्क

ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात केबलवर एक छोटा माहितीपट दाखवला गेला. तो केला होता दोघांनी. डीडी हॅलेक या सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा देणाऱ्या चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्या, १९८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘पेपर टायगर टेलिव्हिजन’ या गटाच्या संस्थापकांपैकी एक. दुसरे हेसूस पापोलेतो मेलेंडेझ, पूर्व हार्लेममधले पोर्तो रिकन वंशाचे कवी. ज्या संस्थेच्या चॅनलवर तो माहितीपट लागला, तिच्यावरच त्याचा रोख होता. ही संस्था पूर्व हार्लेमच्या लोकांकडे दुर्लक्ष करते, असं त्यात म्हटलं होतं.

संस्थेचं नाव मॅनहॅटन नेबरहूड नेटवर्क. तिने माहितीपट दाखवला, मग तक्रारी आल्या. हॅलेक यांना काही काळ चॅनल वापरायला मनाई झाली. पुढे मेलेंडेझ आणि संस्थेचे कर्मचारी यांच्यात आणखी एक वाद झाला आणि अखेर दोघांनाही संस्थेच्या सगळ्या सेवा-सुविधा बंद करण्यात आल्या. दोघं कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की हे चॅनल लोकांसाठी आहे, आम्ही टीका केली म्हणून आम्हाला बाहेर काढलं, म्हणजे आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा आली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ जून २०१९ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी ते हरले.

त्यांना बाहेर काढणं बरोबर होतं की चूक, हा प्रश्न न्यायालयाने तपासलाच नाही. त्यांनी ज्या संस्थेविरुद्ध दाद मागितली, तिच्यावर हा हक्क बंधनकारकच नाही, एवढं म्हणून विषय मिटवला. हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण सरकारी कामं खासगी संस्थांकडे सोपवली जातात त्या प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न उभा राहतो.

लोकांसाठी चॅनल आलं कुठून?

केबल कंपनीला घराघरात तार न्यायची तर रस्ता खणावा लागतो, खांबांवरून वायर ओढावी लागते. ही जागा सार्वजनिक मालकीची. म्हणून अमेरिकेत शहर आणि केबल कंपनी यांच्यात करार होतो. शहर जागा वापरू देतं आणि बदल्यात काही मागतं. पैशाच्या रूपात हे शुल्क कंपनीच्या केबल सेवेच्या एकूण महसुलाच्या ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. त्याशिवाय शहर असंही म्हणू शकतं की तुमच्या चॅनलांपैकी काही चॅनलं आमच्या लोकांसाठी राखून ठेवा.

या राखीव चॅनलांचे तीन प्रकार आहेत. एक शाळा-कॉलेजांसाठी, एक नगर परिषदेच्या सभा वगैरे दाखवण्यासाठी आणि तिसरं कुणाही रहिवाशासाठी. आपला विषय या तिसऱ्याचा. इथे कार्यक्रम आधी कुणी पाहून मंजूर करत नाही. जो आधी येईल त्याला आधी वेळ मिळते, आणि तीही फुकट. स्वयंपाक शिकवा, बायबल वाचा, महापौरांना शिव्या घाला, भाड्याने राहणाऱ्यांच्या संघटनेची बैठक दाखवा, तुमची मर्जी.

मॅनहॅटनमध्ये हे १९७१ मध्ये सुरू झालं. त्याच सुमाराला सोनीचा हाताळायला सोपा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आला होता. तोवर टीव्हीवर यायचं तर स्टुडिओ, तंत्रज्ञ आणि भरपूर पैसा लागे. आता एक माणूस खांद्याला यंत्र अडकवून गल्लीत चित्रीकरण करू शकत होता. जॉर्ज स्टोनी नावाचे माहितीपटकार कॅनडातल्या अशाच एका प्रयोगात काम करून न्यूयॉर्कला परतले होते. न्यूयॉर्क विद्यापीठात केंद्र काढून त्यांनी लोकांना कॅमेरा चालवायला शिकवलं. अमेरिकेत या चळवळीचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतात.

केंद्रीय दूरसंचार आयोगाने १९७२ मध्ये मोठ्या १०० बाजारपेठांतल्या नव्या केबल कंपन्यांना अशी चॅनलं देणं सक्तीचं केलं. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सक्तीचे नियम रद्द केले. त्यांचं कारण असं की कायद्याने आयोगाला एवढा अधिकार दिलेलाच नाही. मग १९८४ मध्ये संसदेने केबल कायदा केला आणि निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. ज्या शहराला हवं त्याने करारात अशी चॅनलं मागावीत. त्याच कायद्यात असंही घातलं की केबल कंपनीने या चॅनलांवरच्या मजकुरावर संपादकीय नियंत्रण ठेवायचं नाही. न्यूयॉर्क राज्याने त्यापुढे जाऊन ३६ किंवा त्याहून जास्त चॅनलं असलेल्या केबल यंत्रणांना किमान एक चॅनल लोकांसाठी ठेवणं बंधनकारक केलं.

आता ते चॅनल चालवायचं कुणी? न्यूयॉर्कच्या नियमानुसार शहर स्वतः चालवू शकतं, एखादी संस्था नेमू शकतं, आणि शहराने काहीच ठरवलं नाही तर केबल कंपनी चालवते. न्यूयॉर्क शहराने मॅनहॅटनपुरतं १९९१ मध्ये मॅनहॅटन नेबरहूड नेटवर्कला नेमलं. ही ना-नफा तत्त्वावरची खासगी संस्था. पुढचा सगळा खटला या नेमणुकीभोवती फिरला.

हक्क कुणाविरुद्ध असतो?

अमेरिकेच्या संविधानातली पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची. ती म्हणते की संसदेने भाषणस्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा करू नये. विसाव्या शतकात न्यायालयांनी तिचं बंधन राज्यांवर आणि शहरांवरही आणलं. पण बंधन सरकारवरच. शेजाऱ्याने तुम्हाला त्याच्या अंगणात सभा घेऊ दिली नाही, वर्तमानपत्राने तुमचं पत्र छापलं नाही, तर तुमचा संविधानिक हक्क बुडत नाही.

उलट वर्तमानपत्रालाच इथे हक्क असतो. फ्लॉरिडाने कायदा केला होता की ज्या उमेदवारावर पेपरने टीका केली, त्याचं उत्तर पेपरने छापलंच पाहिजे. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. काय छापायचं हे संपादक ठरवेल, सरकार नाही. केबल कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आम्ही कोणती चॅनलं दाखवायची हे निवडतो, म्हणजे आम्हीही एक प्रकारे बोलतोच, असं त्या म्हणाल्या आणि १९९४ मध्ये न्यायालयाने ते तत्त्वतः मानलं.

त्यामुळे लोकांसाठीच्या चॅनलवर एकाच वेळी तिघांचा दावा असतो. ज्याला बोलायचं आहे तो रहिवासी, ज्याच्या तारेतून ते जातं ती कंपनी आणि ज्याने करारात ते चॅनल मागितलं ते शहर. कंपनीने मजकुरात हात घालायचा की नाही, यावर १९९६ मध्ये निकाल आला. चार वर्षांपूर्वीच्या एका कायद्याने केबल कंपन्यांना या चॅनलांवरचे ‘असभ्य’ कार्यक्रम बंद करायची मुभा दिली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली. पण न्यायमूर्तींची कारणं इतकी वेगवेगळी होती की ‘हे चॅनल म्हणजे संविधानाच्या दृष्टीने सार्वजनिक व्यासपीठ आहे का’ या मूळ प्रश्नाला बहुमताचं उत्तर मिळालंच नाही. हॅलेक यांच्या खटल्याने त्याच प्रश्नाचं दार ठोठावलं होतं.

सार्वजनिक व्यासपीठ ही कल्पना अशी. रस्ते आणि बागा पूर्वापार लोकांच्या सभा-मोर्चांच्या जागा. तिथे सरकार वेळ आणि आवाज यांचे नियम करू शकतं, पण ‘तुझं मत आवडलं नाही, निघ’ असं म्हणू शकत नाही. सरकारने स्वतःहून नवी जागा लोकांच्या अभिव्यक्तीसाठी खुली केली, तर तिलाही हेच लागू होतं. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराकडे एक नाट्यगृह दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर होतं. तिथल्या मंडळाने एका संगीत नाटकाला ते अश्लील असल्याचं ऐकून जागा नाकारली. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराला चुकीचं ठरवलं. ही जागा खासगी मालकाची होती, शहर नुसतं भाडेकरू होतं, हे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येतं.

कॅन्सस सिटीत काय झालं

या चॅनलांचा खरा कस लागला तो मिसुरीतल्या कॅन्सस सिटीत. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी तिथल्या खुल्या चॅनलवर आपला कार्यक्रम लावायची मागणी केली. शहरात संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा होता. ज्या संघटनेने कृष्णवर्णीयांना झाडांना लटकवलं, तिच्या लोकांनी कृष्णवर्णीय कुटुंबांच्या दिवाणखान्यात टीव्हीवरून शिरावं हे कुणाला रुचेल? पण कार्यक्रम नाकारावा तर मत पाहून नाकारल्यासारखं होतं. म्हणून नगर परिषदेने १९८८ मध्ये चॅनलच बंद केलं.

क्लॅनने दावा लावला. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या वकिलांनी त्यांची बाजू घेतली, क्लॅनचा मनापासून तिटकारा असूनही. १९८९ मध्ये संघीय न्यायालयाने शहराची दावा फेटाळण्याची विनंती मान्य केली नाही. एखादं मत गप्प करण्यासाठीच व्यासपीठ मोडलं असेल तर तेही संविधानात बसत नाही, असा त्याचा सूर होता. शहराने तडजोड केली आणि चॅनल परत सुरू झालं.

मला हा प्रसंग या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाचा वाटतो. तिथे निर्णय नगर परिषदेने घेतला होता. म्हणून न्यायाधीशासमोर निदान खरा प्रश्न आला: मत पाहून बंदी घातली का? आता समजा, कॅन्सस सिटीने आधीच चॅनल एखाद्या खासगी संस्थेला चालवायला दिलं असतं आणि त्या संस्थेने क्लॅनला नाही म्हटलं असतं. आज अनेकांना वाटेल, बरंच झालं असतं. पण उद्या तीच संस्था घरमालकांविरुद्ध बोलणाऱ्या भाडेकरूंना किंवा स्वतःवर टीका करणाऱ्या हॅलेक यांना नाही म्हणेल, तेव्हाही न्यायालयाचं दार बंदच राहणार.

पाच न्यायमूर्ती काय म्हणाले

बहुमताचा निकाल न्या. ब्रेट कॅव्हनॉ यांनी लिहिला. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. खासगी संस्थेला सरकारसारखं मानायचं तर काही ठरावीक कारणं लागतात. त्यातलं मुख्य म्हणजे, ती संस्था असं काम करते का, जे पूर्वापार सरकारच करत आलं आहे आणि फक्त सरकारच करत आलं आहे? निवडणूक घेणं हे तसं काम. एखाद्या कंपनीने अख्खं गाव वसवून चालवणं हेही. अलाबामातल्या चिकासॉ या जहाजबांधणी कंपनीच्या गावात धर्मपत्रकं वाटणाऱ्या एका बाईंना अटक झाली, तेव्हा १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की गाव कंपनीचं असलं तरी रस्ता तो रस्ताच. पण हे दार न्यायालयाने पुढे अरुंद करत नेलं. १९७६ मध्ये मॉलमधल्या निदर्शकांना ते उघडलं नाही.

केबलवरचं खुलं चॅनल चालवणं हे फक्त सरकारचं काम कधीच नव्हतं, असं कॅव्हनॉ म्हणतात. खासगी संस्था, कंपन्या, शहरं असं सगळ्यांनीच ते केलं आहे. किराणा दुकानदार लोकांच्या जाहिरातींसाठी फळा लावतो, विनोदी कार्यक्रमांचे क्लब कुणालाही माइक देणारी रात्र ठेवतात, म्हणून ते सरकार होत नाहीत. दुसऱ्याला बोलायला जागा दिली की संविधानाचं बंधन गळ्यात पडतं असं ठरलं, तर कुणी जागाच देणार नाही, ही त्यांची भीती.

मग राज्याच्या नियमांचं काय? ‘आधी येईल त्याला आधी’ हे तर सरकारनेच सांगितलं आहे. कॅव्हनॉ यांचं उत्तर असं की सरकारी नियमांखाली चालणारे धंदे खूप असतात. नियम कडक आहेत म्हणून वीज कंपनी सरकार होत नाही. शिवाय चॅनलची मालकी शहराकडे नाही, ते खासगी केबल कंपनीच्या यंत्रणेचा भाग आहे. संस्थेच्या १३ संचालकांपैकी मॅनहॅटनच्या बरो अध्यक्षांनी, म्हणजे शहराच्या या भागाच्या निवडून आलेल्या प्रमुखांनी, नेमलेले दोनच. संस्थेने राज्याचा नियम मोडला असेल तर त्यासाठी राज्याच्या कायद्याखाली दाद मागता येईल, पण तो पहिल्या घटनादुरुस्तीचा प्रश्न नाही.

या युक्तिवादातली काळजी खोटी नाही. फेसबुक, यूट्यूबसारख्या कंपन्यांना सरकार मानून प्रत्येक काढलेल्या पोस्टचा खटला करायचा का, हा प्रश्न २०१९ मध्ये हवेत होताच. निकालानंतर वर्षभरातच एका संघीय अपील न्यायालयाने यूट्यूबविरुद्धचा असा दावा फेटाळताना याच निकालाचा आधार घेतला.

चार न्यायमूर्तींचं उत्तर

न्या. सोनिया सोटोमायोर यांनी भिन्नमत लिहिलं. गिन्सबर्ग, ब्रायर आणि केगन त्यांच्यासोबत होते. त्या म्हणतात, बहुमताने सांगितलेली गोष्ट पटण्यासारखी आहे, पण ती आपल्यासमोरच्या खटल्याची नव्हे. मॅनहॅटन नेबरहूड नेटवर्क ही काही आपल्या मनाने फळा लावणारी दुकानदार नाही. शहराने कराराने हे चॅनल मिळवलं, लोकांसाठी खुलं ठेवायचं बंधन त्यावर आलं आणि मग ते चालवायला या संस्थेला नेमलं. ती शहराची प्रतिनिधी आहे.

मालकीच्या मुद्द्यावर त्यांनी चॅटनूगाचं नाट्यगृह पुढे केलं. तिथेही मालक खासगीच होता. शहराच्या हाती वापराचा हक्क होता आणि तेवढा पुरला. इथे केबल कंपनीची तार खासगी असली, तरी त्या चॅनलच्या वापराचा हक्क करारातून शहराकडे आला आहे. मग फरक कुठला?

दुसरा दाखला तुरुंगातल्या डॉक्टरचा. नॉर्थ कॅरोलिना राज्याने कैद्यांवर उपचार करायला एका खासगी डॉक्टरला कंत्राटावर घेतलं होतं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, डॉक्टर पगारी असो की कंत्राटी, तो राज्याचंच कर्तव्य पार पाडतो, म्हणून संविधान त्याला लागू. बहुमत यावर म्हणतं की कैद्यांवर उपचार करणं राज्याचं कर्तव्यच होतं, पण चॅनल उघडायची सक्ती शहरावर नव्हती. सोटोमायोर म्हणतात, खरं आहे, उघडायची सक्ती नव्हती. पण एकदा उघडलं की ते सर्वांसाठी समानतेने चालवायचं बंधन आलं, आणि तेच बंधन शहराने संस्थेकडे सोपवलं.

मला सोटोमायोर यांचं म्हणणं जास्त पटतं. ‘हे काम फक्त सरकारच करत आलं आहे का’ ही कसोटी जिथे खासगी माणूस आपणहून एखादं काम हाती घेतो, तिथे योग्य आहे. सरकारने स्वतःचं काम दुसऱ्याला दिलं, तिथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे काम कुणाचं होतं आणि कुणी दिलं? नाही तर शहराला नको असलेला टीकाकार बाहेर ठेवायला एक कंत्राट पुरेल. हॅलेक आणि मेलेंडेझ यांनी शहरालाही प्रतिवादी केलं होतं, पण तो दावा खालच्या न्यायालयांतच फेटाळला गेला. म्हणजे शहर म्हणतं संस्थेने केलं, संस्था म्हणते मी सरकार नाही, आणि रहिवासी मध्ये उभा. त्यांनी दावा ज्या कायद्याखाली लावला तो १८७१ चा. क्लॅनची दहशत आणि तिच्याकडे काणाडोळा करणारे अधिकारी यांना आवर घालायला तो केला होता. सरकारी सत्तेच्या आडून होणारा अन्याय पकडणं हाच त्याचा हेतू.

आपल्याकडे

हा खटला अमेरिकेचा असला तरी ‘सरकार म्हणजे कोण’ हे कोडं भारतालाही सुटलेलं नाही, आणि योगायोगाने तेही टीव्हीच्याच निमित्ताने समोर आलं. १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात रेडिओ-टीव्हीच्या प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता मानली गेली आणि प्रक्षेपणावर सरकारची मक्तेदारी नको, असा आग्रह धरला गेला. प्रेक्षकाचा माहिती मिळवण्याचा हक्कही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम १९ मध्ये येतो, हे त्यात ठसठशीतपणे आलं. दहा वर्षांनी, २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात प्रश्न आला की सामन्यांचे प्रक्षेपण हक्क देणारं क्रिकेट नियामक मंडळ, म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेलं बीसीसीआय, हे कलम १२ नुसार ‘राज्य’, म्हणजे मूलभूत हक्कांचं बंधन असलेली सरकारी यंत्रणा, आहे का. ३ विरुद्ध २ मतांनी उत्तर आलं, नाही. पण त्याच बहुमताने हेही सांगितलं की मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, तेव्हा कलम २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येईल. हॅलेक यांना असं दुसरं संविधानिक दार मिळालं नाही.

२०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने त्याही पुढचं पाऊल टाकलं. कलम १९ आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम २१ मधले हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतील, असं ते म्हणालं. प्रत्यक्षात त्याचा वापर कसा आणि किती होईल हे पुढच्या खटल्यांतून ठरेल. मात्र आपल्या १९९५ च्या केबल कायद्यात दूरदर्शनची ठरावीक चॅनलं दाखवणं सक्तीचं आहे. सामान्य नागरिकाला चॅनलवर वेळ देण्याची तरतूद त्यात नाही. त्या जागी आपल्याकडे थोडंफार काम सामुदायिक रेडिओ करतो. साताऱ्यातल्या म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ हे त्याचं आपल्या जवळचं उदाहरण.

अमेरिकेत या चॅनलांसमोर आता वेगळंच संकट आहे. केबलची जोडणी सोडून लोक इंटरनेटवरून कार्यक्रम पाहू लागले. शहराचं शुल्क केबल सेवेच्या महसुलावर ठरतं, म्हणून ग्राहक घटले की शुल्क घटतं, आणि अनेक ठिकाणी स्टुडिओ, कॅमेरे आणि शिकवणाऱ्यांचे पगार याच करारांच्या पैशावर चालतात. स्ट्रीमिंग कंपन्यांकडूनही शुल्क घ्यावं म्हणून काही शहरांनी खटले लावले, पण बऱ्याच न्यायालयांनी ते मान्य केलं नाही. तोवर ज्या शहरांत ही चॅनलं आहेत, तिथे रहिवाशाचा हक्क दोन कागदांवर टिकून आहे: राज्याचे नियम आणि केबल कंपनीशी झालेला करार. कराराची मुदत संपते तेव्हा त्यातली कलमं पुन्हा वाटाघाटीला येतात, आणि चॅनल चालवणाऱ्या संस्थेने कुणालाही मत पाहून बाहेर काढायचं नाही, काढलं तर अपील कुठे करायचं, हे त्यात लिहून घेणं शहराच्या हातात असतं.